आईच्या आवाजाची दुसरी प्रत

दापोडी,
गुरुवार, १६ जानेवारी २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर तू मला ब्लॉक केलंयस आणि दर वेळी बहिणीला, भाग्याला, मध्ये घालायचा आता कंटाळा आला, म्हणून कागद. दापोडी ते हिंजवडी अंतर ते केवढं, आणि त्यासाठी पोस्टाची तिकिटं चिकटवतोय. वहिनी आणि सोनू बरे असतील.

इकडचं नेहमीचंच. चाकणला या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती. कंपनीची बस नाशिक फाट्याला सोडते, तिथून पाय ओढत घर. मेंटेनन्समध्ये आता मीच जुना. नवीन पोरं 'धम्मरत्न सर' म्हणतात, तेव्हा मागे कोण आलं म्हणून मीच वळून बघतो. आज सुट्टी, पण झोप काही लागली नाही.

बाबांची तब्येत तशी ठीक आहे, पण विसरायला लागलेत. चहा पिऊन झाला की चहा मागतात. भोसरीची नोकरी सुटून अकरा वर्षं झाली, तरी परवा चपला घालून डब्याची वाट बघत बसले होते. त्याची सवय झालीय. पण महिन्यापूर्वी जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, "धम्मा, तुझ्या आईचा आवाज आठवंना झालाय रे. तोंड दिसतंय, बोलताना दिसती, आवाजच येईना." मी म्हटलं, आठवेल हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी भाकरी तशीच ठेवून उठले. बाकी सगळं विसरतात, हे मात्र विसरत नाहीत.

माझा मोबाइल धुंडाळला. फोटो ढीगभर, आवाज कुठेच नाही. आईचा आवाज आहे तो एकाच जागी, भाग्याच्या लग्नाच्या डीव्हीडीत. शूटिंगवाल्याने एकाच फाइलीवरून दोन काढून दिल्या होत्या. एक आपल्या कपाटात राहिली. दुसरी, आई असतानाच, तू वेगळा फ्लॅटवर गेलास तेव्हा घेऊन गेलास, आणि आईची वस्तू न विचारता नेली म्हणून मी दारात तमाशा केला. तिथून आपलं बोलणं तुटलं ते तुटलंच.

कपाटातली डिस्क बाहेर काढली तर तिच्यावर चरेच चरे. बाबाच ती अधूनमधून काढून टॉवेलने पुसायचे म्हणे. "धूळ बसू देत न्हाई मी," असं कौतुकाने सांगत होते. साधी कॉपी करायला गेलो तर सुरुवातीलाच अडकली.

मग कंपनीत वापरतो तो प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर टाकला. आमच्याकडे जुन्या मशीनचा कॉम्प्युटर मरायला टेकला की त्याच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल एका फाइलीत उतरवून ठेवतात, तिला इमेज म्हणतात. हा प्रोग्राम तेच करतो. फुकट आहे. कोण कुठल्या माणसाने बसून लिहिला कोण जाणे, दमडी मागत नाही आणि आतला कोडसुद्धा सगळ्यांना बघायला उघडा ठेवलाय. नीट वाचता येतं तेवढं तो आधी उचलतो. खराब जागा आली की डोकं न आपटता पुढे जातो, आणि सगळं झाल्यावर एकेका खराब जागेवर परत येऊन पुन्हा पुन्हा वाचून बघतो. बरोबर एक वही ठेवतो, हे मिळालं, हे मिळालं नाही. चार दिवस लॅपटॉप चालू होता. शहाण्णव टक्के आलं. मंडप आला, पंगत आली, मामांचं पाऊण तासाचं भाषण अक्षर न अक्षर वाचलं. आईचं माइकवरचं बोलणं तेवढं मध्येच गेलं.

आता तुझी डिस्क हवी आहे. त्याच वहीवर दुसरी प्रत लावता येते. माझ्यात जे मिळालं नाही तेवढंच तो तुझ्यातून घेतो. तुझीही खराब असली तरी चालेल, सोनूने गाडीचं चाक म्हणून फिरवली असली तरी चालेल, फक्त दोन्ही एकाच जागी खराब नकोत. चाकणला एका मोजमापाच्या मशीनच्या दोन बाद सीडी अशाच जोडून मी एक धड करून दिलीय.

एवढंच लिहून पत्र संपवणार होतो. खरं म्हणजे संपवून पाकिटात घातलंही होतं.

पण त्या प्रोग्रामची एक गोष्ट सारखी टोचत राहिली. जे वाचता आलं नाही, तिथे तो मनाचं काही भरत नाही. जागा कोरी ठेवतो आणि वहीत तसं लिहितो. मी भरलं, दादा.

आईला बुधवारी संध्याकाळी ॲडमिट केलं असं मी तुला सांगितलं होतं. खोटं होतं ते. सोमवारी सकाळी केलं होतं. सोमवारी, मंगळवारी ती विचारत होती, "थोरला आला का रं?" मी म्हणालो, कळवलंय, कामात अडकलाय. कळवलं नव्हतं. डिस्कच्या त्या भांडणापासून तुझ्यावर राग होता. वाटलं, दोन दिवसांत तिला बरी करून घरी आणू, म्हणजे तुला कळेल की तुझ्यावाचून इथे काही अडत नाही. बुधवारी डॉक्टरांचा चेहरा बघून फोन केला, आणि तरी वर म्हणालो, घाबरू नको, सकाळी आलास तरी चालेल. गुरुवारी सकाळी सहाला ती गेली. तू वाकडच्या गर्दीतून नऊला पोहोचलास.

आईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला लोक बोलले, थोरल्याला आईसाठी सवड झाली नाही. मी तिथेच चहाचे कप फिरवत होतो. ऐकलं आणि गप्प बसलो. तू ताटाला हात न लावता उठलास तेही पाहिलं. आई जाताना तू यायला तयार नाहीस असं समजून गेली. हे माझ्यामुळे झालं, आणि ते आता दुरुस्त होत नाही.

काल बाबांना सगळं सांगितलं. म्हणाले, "मला सांगून काय? थोरल्याला सांग." तासाभराने चहा मागितला, काहीच झालं नसल्यासारखा. म्हणून हे लिहितोय. मामा आणि भाग्या यांनाही मी स्वतः सांगणार आहे, तू येवोस न येवोस.

माफी मागायला तोंड नाही, ती तू द्यावीस असंही म्हणत नाही. डिस्क कुरिअरने पाठवलीस तरी पुरे. माझ्यासाठी नको पाठवू, बाबांसाठी पाठव.

माझ्या प्रतीत आई माइकवर फुंकर मारते, हसते आणि म्हणते, "माझ्या लेकीला संभाळा. आन् ही माझी दोन पोरं. ह्यो धाकटा, लई तापट हाय. आन् थोरला माझा..." तिथे चित्राचे चौकोन होतात. पुढची एक मिनिट चाळीस सेकंदं कोरी. मी स्टेजवर तिच्या शेजारीच उभा होतो, दादा. ती तुझ्याबद्दल काय म्हणाली ते मला आठवत नाही.

दोन दिवस उशिरा फोन करणारा,
तुझा तापट धाकटा,
धम्मा