हूं कोण देतं

माय,

सोनगीरच्या घरात शिरण्याआधी तू उंबऱ्याशी थांबायचीस. कुलूप तूच लावलेलं, किल्ली तुझ्याच कमरेला, तरी दार उघडून आत हाक द्यायचीस, “कोन शे रे घरमा?” मी हसायचो. “हासू नको,” तू म्हणायचीस, “आपन बाहेर गऊत म्हनीसन घर रिकामं व्हस का?”

धुळ्याच्या स्टँडवर पेपर विकता विकता मी वाचायला लागलो, आणि वाचता वाचता युरोपातल्या ज्यूंच्या इतिहासापर्यंत कसा पोचलो ते मलाच नीट सांगता येत नाही. लिहिलेलं पान आधी तुला वाचून दाखवायचं, हे मात्र ठरलेलं. तू चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेयस, मी पाटावर बसून पोलंडमधल्या गावांची नावं अडखळत घेतोय, आणि वाक्यावाक्याला तुझा हूं येतोय. गोष्ट ऐकणाऱ्याने हूं द्यायचा, हा आपल्याकडचा रिवाज. एकदा मी एकटाच मोठ्याने वाचत बसलो होतो तर केवढी रागावलीस! “हूं देनारं कोनी नही तर गोट सांगू नको. मंग दुसरंच कोनी हूं देस.”

एका गावातले सगळे ज्यू एका सकाळी नेले, ते पान वाचलं तेव्हा तुझा हूं थांबला. हातही थांबला. “त्यास्ना घरस्मा आते कोन ऱ्हास?” मी म्हटलं, त्या घरांत आता कोण राहतं ते माझ्या पुस्तकात येत नाही. “मंग तू इतिहास लिखस का पंचनामा?” म्हणालीस आणि भाकरी उलटलीस.

तुझा तो प्रश्न घेऊन, तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी, मी त्या गावी गेलो. एका घराच्या दारात म्हातारी उभी होती. दुभाष्यामार्फत म्हणाली, “आमच्या आधी इथे कोणी राहत नव्हतं.” चौकटीच्या उजव्या अंगाला खांद्याच्या उंचीवर एक तिरकी खाच होती, रंगाचे थर चढून बुजत आलेली. प्रार्थनेचा कागद ठेवलेली डबी ज्यू लोक तिथे बसवतात, आत शिरताना तिला बोट लावतात. मीही खाचेला बोट लावलं आणि तोंडातून निघून गेलं, “कोन शे रे घरमा?” दुभाष्या हसला. म्हातारी हसली नाही. तिने वळून आत पाहिलं.

खिशातल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू होतं. इथे जळगावच्या घरी भर दुपारी कूलर बंद करून, घाम पुसत मी ते ऐकतो. माझी हाक येते, दुभाष्याचं हसू येतं, आणि मग पार आतून, भिंतीपलीकडून, बाईचा एक हूं. तुझा म्हणावा तर तू तिथे कशी? त्या सकाळी नेलेल्यांपैकी कोणाचा म्हणावा तर त्यांना आपला रिवाज कोणी सांगितला? स्टँडवर आवाजावरून गाडी शिरपूरची की नंदुरबारची ते ओळखणारा मी. हा आवाज ओळखता येत नाही.

पुस्तक आता छापायला जायचंय. संपादकबाई फोनवर म्हणाल्या, “पुरावा नाही ना, सर? मग ते घर काढून टाका.” त्यांचंही चूक नाही. हूं काही तळटीपेत देता येत नाही. म्हणून काल दुपारी सावध वाक्य लिहिलं, ‘या घरात आधी कोण राहत होतं, हे सांगता येत नाही.’ घरात एकटाच होतो, तरी मोठ्याने वाचलं. घर गप्प. खोडलं आणि लिहिलं, ‘या घरात एक ज्यू कुटुंब राहत होतं. चौकटीवर त्यांची खाच अजून आहे.’ वाचलं.

स्वयंपाकघरातून हूं आला.

ते घर पुस्तकात राहणार. बाईंना खाचेचा फोटो पाठवलाय. दारावर कोण बोट लावत होतं, ते खाचच सांगेल. बाकीचं कोणाला सांगायची सोय नाही, आणि हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पत्त्यावर? एवढंच कबूल करतो, माय. हूं आला तेव्हा मी उठलो नाही. उंबऱ्याशी जाऊन हाकही दिली नाही. हाक दिली आणि तुझ्याऐवजी दुसऱ्याच कोणी ओ दिली तर, म्हणून मी कूलर लावला आणि त्याच्या घरघरीत बसून राहिलो.