हौदातली पाहुणी

राजश्री आप्पासाहेब कुलकर्णी, मौजे धायरी, यांसी आपले पुण्याचे व्याही श्रीनिवासशास्त्री पुराणिक यांचे कृतानेक नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असावी, गुडघ्याची सूज उतरली असावी आणि आमची मथुरा आपल्या घरी सुखरूप असावी. रीतीप्रमाणे पुढे येथील कुशल लिहायला घेतले आणि बोरू तिथेच थांबला. (शाई आहे. कुशल संपले आहे.) मथुरेच्या आईचा विहीणबाईंना नमस्कार सांगावा. पत्राच्या माथ्यावर काही लिहायचे राहिले असे वाटले, तर तूर्त घाई समजावी. पत्र घेऊन निघणारा सोनबा दाराशी काठी आपटत उभा आहे.

आपला निरोप पोचला. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पोरीचे दिवस भरत आले, तरी तिला न्यायला कोणी येत नाही. पुराणिकांकडची माणसे फक्त पंगतीला वेळेवर येतात, असे आपण म्हटलेत. राग येण्याजोगेच आहे. न येण्याचे कारण मात्र आमच्या आळीतला हौद आहे, आणि ते जरा विस्ताराने सांगावे लागेल. (लग्नात आपण मला विचारले होते, की थापा मारून पोट भरते का हो? त्याचेही उत्तर यात येईल.)

उन्हाळ्यात कात्रजेहून येणाऱ्या नळाची धार बारीक झाली आणि हौदाच्या तोंडाशी कसलेसे जनावर अडकून सडले. पाण्याला वास येऊ लागला. मग आळीत ढाळ-वांत्या सुरू झाल्या आणि सकाळी बोललेला माणूस दिवेलागणीला नाही, असे होऊ लागले. गोपाळकृष्ण वैद्यांनी सांगितले, पाणी नासले आहे, हौद उपसा, तोवर पिऊ नका. कोतवालीतून तशी दवंडीही पिटली. पण दुसरा हौद लांब, ऊन कडक, आणि भर उन्हाळ्यात हौद रिकामा करायला कोण देतो? आमच्या आळीने दवंडी शांतपणे ऐकून घेतली आणि वैद्यांना एवढेच विचारले, की आपले मेहुणे पखालीने पाणी विकतात का. झाले. घागरी पुन्हा हौदात.

तेव्हा कोतवालीच्या कारकुनाने मला बोलावले. म्हणाला, शास्त्रीबोवा, लोक आमचे ऐकत नाहीत, तुमचे ऐकतात. उद्याच्या पुराणात काहीतरी सांगा. माझा आयुष्यभराचा अनुभव असा, की माणसाला नवे काही पटवायचे तर ते जुन्याच्या पाठीवर बसवून आणावे. पायी आलेले नवे कोणी दारात उभे करत नाही. मी मारुतीच्या देवळात आरतीच्या आधी (माझी कथा आरतीपूर्वी संपते, हा माझा नेम आहे) सांगितले, की जरीमरी आई कात्रजेहून नळाच्या अंधारातून चालत आली आहे. फार दमली आहे. हौदाच्या तळाशी पाय गार करत बसली आहे. जो घागर बुडवील, तो ती तिच्या मांडीवर आपटील. बायका रडल्या. दुसऱ्या दिवशी हौदावर चिटपाखरू नव्हते. दुखणी कमी झाली. कारकुनाने मला शेला दिला आणि मी तो भर उन्हात पांघरून हिंडलो.

शेल्याची घडीसुद्धा मोडली नव्हती, तोच शेजारच्या यमूआत्या खण-नारळ घेऊन निघाल्या. मी अडवले. त्या म्हणाल्या, “अहो, दमून आलीय असं तुम्हीच सांगितलंत ना? पाहुणी दाराशी बसलीय आणि आपण विचारायचंसुद्धा नाही?” हौदात नारळ पडले, मग दहीभात पडला, मग हळदीकुंकू. आणि ज्यात देवीचे पाय ते पाणी, आप्पासाहेब, पाणी राहते होय? ते तीर्थ झाले. घागर बुडवायला जी माणसे भीत होती, ती आजाऱ्याच्या तोंडात त्याच हौदातले पळी-पळी घालू लागली. आजारी मेला तर तीर्थ उशिरा दिले, वाचला तर तीर्थाने वाचला. यमूआत्या स्वतः गेल्या, तेव्हा चेहऱ्यावर मोठे समाधान होते. आईने मांडीवर घेतले, म्हणाले सगळे.

मी पारावर उभा राहून उघड सांगितले, की ही गोष्ट माझी आहे, मी रचली, तळाशी कोणी नाही, सडके जनावर आहे. लोक माझ्याकडे मायेने पाहत राहिले. एक म्हातारे म्हणाले, “शास्त्रीबोवा, आई वदवून घेते. सांगणाऱ्याला कुठं कळतं?” आमच्याही घरात देवाजवळ तीर्थाची लोटी दिसली. मी ओतून दिली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरलेली होती. मी ओरडलो, तर मथुरेची आई शांतपणे म्हणाली, “गोष्ट तुम्ही रचलीत. देवी नाही रचलीत.”

कारकून म्हणाला, तुम्ही बसवलीत, तुम्हीच उठवा. तेव्हा मी दुसरी गोष्ट सांगितली: आईला आता निघायचे आहे, तिला गाड्यात बसवून शिवेबाहेर पोचवा, आणि पाहुणी उठली की जागा स्वच्छ करावी तसा हौद उपसून धुवा. हे सगळ्यांना पटले. लिंबाच्या लाकडाचा छोटा गाडा झाला, हिरव्या बांगड्या बांधल्या. हौद उपसला, जनावर निघाले, चुना फासला. वैद्यांना रडू आले. पण गाडा निघताना कोणीतरी विचारले, आई बसणार कशात? आणि उपसलेल्यातलीच एक घागर भरून, वर नारळ ठेवून, गाड्यात मांडली. मी म्हटले, जाऊ दे, शिवेबाहेर ओततील.

तेव्हापासून ठरवले आहे, की यापुढे लोकांना जे आहे तेवढेच सांगायचे. आपण नेहमी रोखठोक बोलता, त्याचे मोल आता कळले. विहीणबाईंना नमस्कार व मथुरेला आशीर्वाद. लोभ आहे तो असू द्यावा.

ता. क. – शिवेबाहेर कोणी ओतत नाही, हे मला माहीत असायला हवे होते. एका गावाने शिवेवर आणलेला गाडा पुढच्या गावाने पुढच्या शिवेवर पोचवायचा, ही रीत. हिंगण्याच्या लोकांनी तो वाजतगाजत घेतला, तीर्थ वाटले, घागर विहिरीच्या पाण्याने पुन्हा काठोकाठ केली आणि वडगावास दिला. वडगावापुढे धायरी आहे. सोनबा आडवाटेने धावत येईल, तो गाड्याआधी पोचावा.

ता. क. – आपण शिवेवर उभे राहून पाणी नासले आहे असे रोखठोक सांगाल. कृपा करून सांगू नका. आपले गेनबा पाटील म्हणतील, “कुळकर्णी कवापास्नं वैद्य झाला हाय?” त्याऐवजी असे सांगा: आई कात्रजेपासून चालते आहे, पुण्याने तिला झोपू दिले नाही, हिंगण्याने, वडगावाने झोपू दिले नाही. तिला धायरीच्या शिवेवर झोप लागली आहे. घागरीला हात लावाल, तर जागी होईल. मग खोल खड्डा खणवा, घागर तोंड बांधून अलगद आत ठेवा, वर माती लोटा. आवाज करू देऊ नका. वर देऊळ बांधतील. बांधू द्या.

ता. क. – अशुभाच्या पत्राच्या माथ्यावर श्री घालत नाहीत. वर तो नाही, हे आपल्या लक्षात आलेच असेल. मथुरेच्या आईचा नमस्कार हाताच्या सवयीने लिहून गेलो, तो खोडवला नाही. ती लोटी मी रोज ओतत होतो. मथुरेला न्यायला कोणी आले नाही, कारण तिला न्यावे असे माहेर उरले नाही. बाळंतपण आपल्याकडेच करावे, एवढी विनंती. पत्र रीतीप्रमाणे वाचून फाडून टाका, तिच्या हाती पडू देऊ नका. आई का आली नाही, म्हणून ती रोज विचारील. सुटका होईपर्यंत तिला काहीतरी सांगावे लागेल. काय सांगायचे ते आपणच ठरवा. मला सुचत नाही.