निरीक्षण आधी, बर्फ मागाहून

२ सप्टेंबर, सोमवार

मुख्याध्यापिकाबाईंनी ऑफिसात बोलावलं. बसायला सांगितलं. म्हणजे काहीतरी माझ्यावाचून अडलं आहे. तेरा तारखेला शिक्षण खात्याचे साहेब येणार, त्यांच्यासमोर माझा डेमो लेसन. सहावीचा वर्ग, विषय घनता आणि तरंगणे. बर्फ घेऊन, मुलांना स्वतःच्या हातांनी करू देऊन. परिपत्रकात 'कृतीतून शिक्षण' ठळक अक्षरांत छापलंय.

जाता जाता बाई असंही म्हणाल्या की सहावीचं विज्ञान माझ्याकडे ठेवायचं की नव्या बाईंना द्यायचं, ते या लेसनवर ठरेल. हे बोलताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. संकोच वाटला असणार. बावीस वर्षं विज्ञान शिकवणाऱ्याला असं म्हणताना कुणालाही वाटेल. मी मनावर घेतलं नाही. खरा विषय विभागप्रमुखपदाचा आहे, तो त्या सवडीने काढतील.

संकल्प : रोज थोडी तयारी. नव्या बाईविषयी मनात वाकडं आणायचं नाही.

३ सप्टेंबर

नव्या बाईचा सातवीचा वर्ग माझ्या भिंतीला लागून. आज तिथे बर्फच चालला होता, घरून डबा भरून आणलेला. प्रत्येक पोराच्या हातात तुकडा. कुणी तेलात टाकतंय, कुणी मिठाच्या पाण्यात, कुणी शेजारच्याच्या कॉलरमध्ये. फरशीवर तळं. ही मधोमध बाह्या सरसावून उकिडवी. मी दारात उभा राहिलो तर मलाही एक तुकडा देऊ केला. घेतला नाही.

दुसरा संकल्प उद्यापासून.

५ सप्टेंबर

प्रयोग ठरला. काचेच्या ग्लासात बर्फाचे चार खडे, वर काठोकाठ पाणी, खाली ट्रे. बर्फ वितळतो, आतलं पाणी वाढतं, ग्लासातून सांडतं. साधं, स्वच्छ, डोळ्यांना दिसणारं. दरवर्षी हाच शिकवतो. बहुतेक वर्षी फळ्यावरच, कारण शाळेत फ्रीज नाही आणि पस्तीस मिनिटांच्या तासात बर्फ वितळत नाही. तेरा तारखेला मात्र जोड तास मिळालाय. साहेबांना पूर्ण सोहळा बघायला मिळेल.

माझी पद्धत इथे नोंदवून ठेवतो, पुढेमागे पुस्तक लिहायचं झालं तर उपयोगी. मी निरीक्षण आणि अनुमान आधी लिहून देतो. मुलं ते जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात उतरवतात. मी लाल टिक करतो. प्रयोग त्यानंतर. म्हणजे प्रयोग फसला तरी वही चुकत नाही. इतकी वर्षं एकाही मुलाचं निरीक्षण चुकलेलं नाही.

६ सप्टेंबर

वर्गात एक मुलगी आहे. मी तिला 'चौकशी खिडकी' म्हणतो. आज तिने विचारलं, बर्फ हलका म्हणून तरंगतो, तर मग एवढा मोठा बर्फाचा डोंगर बुडत का नाही, तो तर जड असतो. मी सांगितलं, डोंगर आपल्या सिलॅबसमध्ये नाही. वर्ग हसला. ती हसली नाही. पेन्सिलीचं टोक चावत राहिली. या मुलांना शिस्तच नाही.

९ सप्टेंबर

घरच्या फ्रीजमध्ये निळा बर्फ लावला, साहेबांना उठून दिसावा म्हणून. रंग दुधाच्या पातेल्यात गेला. बायकोने दूध ओतून दिलं. मग एवढंच बोलली की नुसता बर्फ कशाला करता, तो प्रयोगही एकदा घरी करून बघा. बावीस वर्षांच्या अनुभवाला रंगीत तालीम लागत नाही, असं मी तिला शांतपणे सुनावलं. तिने पातेलं जरा जोरातच घासलं.

बर्फ आता पांढराच. साधेपणा साहेबांना आवडेल.

१० सप्टेंबर

जर्नल तपासली. अडतीसपैकी सदतीस चोख. 'निरीक्षण : बर्फ वितळल्यावर पाणी ग्लासातून सांडले.' सदतीस टिक, पाचपैकी पाच.

चौकशी खिडकीने निरीक्षणाची जागा कोरी सोडलेली. बोलावून विचारलं. म्हणाली, अजून बघितलं नाही. आता या उद्धटपणाला काय म्हणावं? शून्य दिलं. खाली 'पालकांची सही आणणे' असंही लिहिलं.

१२ सप्टेंबर

उद्या. इस्त्री झाली. थर्मास मिळाला. 'कृती' मुलांच्याच हातून व्हावी म्हणून प्रत्येक रांगेतून एकाला नेमलं : एक ट्रे आणणार, एक ग्लास, एक पाणी, एक फडकं. बर्फाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं. परिपत्रकाचं तंतोतंत पालन.

नव्या बाईने काही मदत हवी का विचारलं. चेहऱ्यावर गोड हसू. ओळखून आहे मी.

१३ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी ३

घाईत लिहितोय. डोकं भणभणतंय.

सुरुवात झकास. मुलं हाताची घडी घालून. साहेब मागच्या बाकावर, शेजारी मुख्याध्यापिकाबाई. ग्लास काठोकाठ भरला. अर्ध्या तासाने ट्रेमध्ये थेंब दिसले. मी मोठ्याने म्हणालो, बघा, सांडलं!

साहेब उठून टेबलाशी आले. खिशातून रुमाल काढून ग्लास बाहेरून पुसला, ट्रे पुसला. म्हणाले, गार ग्लासाला बाहेरून हवेतलं पाणी सुटलंय, थांबू या. थांबलो. दुसरा तास. ग्लासाला पुन्हा पाणी सुटलं, त्यांनी पुन्हा पुसलं. बर्फ पार संपला. पाणी काठाला होतं तिथेच. सगळा वर्ग ग्लासाकडे बघत होता.

मग साहेबांनी मुलांना विचारलं, काय झालं सांगा. सदतीस हात वर. पहिला उठला, पाणी सांडलं म्हणाला. दुसरा, पाणी सांडलं. तिसऱ्याने तर अनुमानासकट घडाघडा सांगितलं. एकही अडखळला नाही. खरं सांगतो, ऊर भरून आला.

साहेबांनी तिसऱ्याला विचारलं, तुला कुठे दिसलं? त्याने जर्नल उघडून दाखवलं. साहेब माझी लाल टिक आणि तिच्याखालची दहा तारीख बघत राहिले. मग चौकशी खिडकीला उभं केलं. तिने ग्लासाकडे पाहिलं, बाकीच्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गप्प राहिली. एरवी तोंडाला कुलूप नसतं.

साहेबांनी चहा घेतला नाही.

१४ सप्टेंबर

कारणं स्पष्ट आहेत. एक, बर्फ घरगुती. दोन, पंखा चालू होता, वाढलेलं पाणी उडून गेलं. तीन, आणि मुख्य, साहेबांचा रुमाल. चालू प्रयोगात असा हात घालायचा नसतो, हे सहावीतलं शेंबडं पोरही सांगेल. खात्याकडे लेखी तक्रार करणार. आधी घरी प्रयोग करून पुरावा जोडणार.

१५ सप्टेंबर, रविवार, दुपार

स्वयंपाकघराच्या ओट्यावर केला. पंखा बंद. खाली कोरडा कागद, ग्लास मधूनमधून मीच पुसत होतो. सांडलं नाही. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा बायको पण येऊन उभी राहिली. सांडलं नाही. तिने खालच्या कागदाला बोट लावून बघितलं, कोरडाच होता.

पुस्तक काढलं. पुढच्याच पानावर दिलंय. पाणी गोठताना फुगतं, म्हणून बर्फाची घनता कमी, म्हणून तो थोडा वर डोकावतो. वितळताना तेवढाच आकसतो आणि पाण्यात जेवढी जागा अडवून बसला होता तेवढीच भरतो. थेंबही जास्त नाही. ते पान मी दरवर्षी 'घरी वाचा' म्हणून सोडत आलो. मीही घरी वाचलं नाही.

बावीस वर्षांत किती मुलं झाली ते मोजायला घेतलं. मध्येच थांबलो. लाज वाटली. इथे लिहायला हरकत नाही, हे कुणी वाचणार नाही.

१६ सप्टेंबर

ऑर्डर आली. येत्या सोमवारपासून सहावीचं विज्ञान नव्या बाईकडे. मला वाचनालय आणि वेळापत्रक. वाचनालय ही जबाबदारीची जागा आहे, ती ऐऱ्यागैऱ्याला देत नाहीत.

संकल्प : वर्ग सोडण्याआधी मुलांना मीच सांगणार. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. मी चुकलो. दोन शब्दांचं काम.

१७ सप्टेंबर

घसा बसलाय. उद्या.

१८ सप्टेंबर

घसा बरा. पण आज मुलांची चाचणी होती, त्यांचं लक्ष लागलं नसतं.

१९ सप्टेंबर

आरशासमोर म्हणून बघितलं. जमतं. उद्या शेवटचा तास.

२० सप्टेंबर, शुक्रवार

वर्गात शिरलो, खडू ठेवला, घसा खाकरला. तेवढ्यात चौकशी खिडकी जर्नल घेऊन टेबलाशी आली. आईची सही आणली होती. कोरी जागा भरलेली होती, सुवाच्य अक्षरात : बर्फ वितळल्यावर पाणी ग्लासातून सांडले.

मी हळूच विचारलं, तू तर समोरच होतीस, तुला सांडताना दिसलं का. नाही म्हणाली. मग स्वतःच सांगू लागली, की सगळ्यांना दिसलं आणि तिलाच दिसलं नाही, म्हणून आई उद्या तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. लांबचं नीट दिसत नसेल, असं आई म्हणते. आता मार्क मिळतील का, असंही तिने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. दोन शब्द तोंडाशी आले होते.

शून्य खोडून पाचपैकी पाच दिले. ती थँक यू सर म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.