टीव्हीची मोजणी

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.४०
काल निवृत्त झालो. भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं लोकांची शेतं मोजली, कळंबपासून उमरखेडपर्यंत. बांध-धुऱ्यावरून भांडणारे सख्खे भाऊ माझ्या खुणा बघून गप्प बसायचे. निदान मी जीपमध्ये बसेपर्यंत तरी.

संकल्प एकच: नवा टीव्ही. जुना चोवीस इंची. त्यात क्रिकेटचा बॉल दिसत नाही, असं घरात सांगितलंय.

खरं कारण इथे लिहितो. इतकी वर्षं संध्याकाळी मी घरी नसायचो, पद्मजाने आठची मालिका एकटीनेच पाहिली. आता दोघांनी दिवाणावर शेजारी बसून पाहायची. मला तिच्याजवळ बसायचं आहे. तिला हे बोललेलो नाही. साठीकडे झुकलेला माणूस बायकोला असं सांगतो का? टीव्ही आला की कळेलच.

३ जानेवारी, शनिवार
पुण्याहून क्षितिजचा फोन. बाबा, पंचावन्न इंची घ्या आणि मोकळे व्हा, म्हणाला. पोटचा मुलगा, इंजिनिअर, आणि अंदाजाने बोलतो. वाईट वाटलं. मोजल्याशिवाय घेणार नाही, असं ठणकावलं.

इंटरनेटवर सूत्र सापडलं. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर इंचांत घ्यायचं, दीडने भागायचं. लोक उगाच गोंधळतात.

पद्मजाचं मत घेतलं. म्हणाली, मले काय, ओट्यापाशी उभं राहून दिसला म्हणजे झालं. तिला विषय नीट समजलेला नाही.

५ जानेवारी, सोमवार. दुपारी ४
हॉलची रीतसर मोजणी. शेजारचे देवीलाल राठोड मास्तर यांना लगतधारक म्हणून काल लेखी नोटीस दिली होती. साहेब, घर तुमचं, टीव्ही तुमचा, मले काहून नोटीस, असं त्यांनी विचारलं. नोटीस न देता केलेली मोजणी टिकत नाही, हे समजावलं. टेपचं दुसरं टोक धरायला आले. त्यांच्या घरच्या वर्षा वहिनीही आल्या, पण थेट स्वयंपाकघरात पद्मजाकडे गेल्या.

पूर्वेच्या भिंतीवर, म्हणजे सध्याच्या जागी, खिडकीचा उजेड पडतो. बाद. उत्तरेची भिंत निर्दोष. दिवाण सरकवून दक्षिणेला घेतला. आता बाहेरचं दार अर्धंच उघडतं, पण आपल्याकडे जाड माणसं येत नाहीत. अंतर आठ फूट दीड इंच, म्हणजे साडेसत्याण्णव इंच. भागिले दीड, बरोबर पासष्ट. बाकी शून्य! नोकरीत असा निकाल एकदाही आला नाही. डोळे भरून आले.

पंचनामा केला. माझी सही, देवीलाल यांची सही. पद्मजाची राहिली. ती सगळ्यांचा चहा करत होती.

७ जानेवारी, बुधवार
पद्मजाच्या डोळ्यांची बसलेली उंची घ्यायची होती. फक्त दोन मिनिटं बस म्हटलं. कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला उठली. तिच्या उंचीचा लोड उभा करून मोजणी पूर्ण केली.

१० जानेवारी, शनिवार
दुकानात गेलो. काकाजी, हॉल केवढा आहे, आधी पंचावन्न तर पाहून घ्या, असं दुकानदाराचं म्हणणं. मी पंचनामा काढून दिला. त्याने दोन्ही बाजूंनी वाचला, मग आतल्या दोघांना बोलावून दाखवला. निवृत्त झालो तरी कामाला मान आहे.

पासष्ट इंची ठरला.

१२ जानेवारी, सोमवार. रात्री ८.४५
टीव्ही बसला. दुकानाचा गोपाल आला होता, पन्नाशीचा अनुभवी माणूस. तरी त्याने ठोकलेला एक बोल्ट पलीकडे स्वयंपाकघरात निघाला, तिखटाच्या डब्याच्या वर. भिंत साडेचार इंचीच निघाली. भिंतीची जाडी माझ्या मोजणीच्या कक्षेत नव्हती. पद्मजाने त्या टोकाला चाळणी अडकवून टाकली.

बरोबर आठला मालिका लावली. दिवाणावर डावीकडे तिच्यासाठी नवा अभ्रा घातलेली उशी ठेवली. हाक मारली. ती लाटणं घेऊन दारापर्यंत आली, बाई, केवढं तोंड दिसून राह्यलं हिचं, म्हणाली आणि तव्याकडे पळाली. पहिल्या दिवसाच्या मानाने प्रतिसाद उत्साहवर्धक.

मालिका मी एकट्याने पाहिली. कोण कोणाची सून ते कळलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार
आजही आली नाही. सणाची गडबड. तिळगुळाला आलेल्या सर्वांना आठ फूट दीड इंचांवर बसवून टीव्ही दाखवला. बरेच जण लवकर गेले.

१६ जानेवारी, शुक्रवार. रात्री ८.१०
पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यापाशी उभा राहिलो. चौतीस वर्षांत इथे कधी उभा राहिलो नव्हतो बहुतेक. इथून टीव्ही दिसतच नाही. दिसणार कसा? याच भिंतीच्या पलीकडे टांगलाय, तिच्याकडे पाठ करून. पूर्वेला होता तेव्हा दारातून सरळ दिसायचा.

पण तिथे उजेड पडतो. हेही लक्षात घ्यायला हवं.

तिला विचारलं, नेमकं आठलाच पोळ्यांचं काय काढतेस? शांतपणे म्हणाली, साडेआठले जेवाले कोणाले लागते?

मला लागतं. शुगर आहे. गोळी वेळेवर घ्यावी लागते. त्यात माझा काय दोष?

१७ जानेवारी, शनिवार
ठरवलं: उद्यापासून जेवण नऊला. गोळीचं डॉक्टरांना विचारून घेऊ. पद्मजाला कळवलं. बरं म्हणाली.

१८ जानेवारी, रविवार. रात्री ८.५०
आठला उशी झटकली, आवाज मोठा केला, वाट पाहिली. पोळ्या नव्हत्या, कुकर नव्हता. तरी आली नाही. भिंतीपलीकडून मात्र तिच्या आणि वर्षा वहिनींच्या हसण्याचा आवाज. पासष्ट इंचांवर एक बाई रडत होती आणि मागे या दोघी हसत होत्या. मला फार एकटं वाटलं. लिहून ठेवतो.

उठून गेलो. दोघी खाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवलेला, त्यावर तीच मालिका. तिकडे का येत नाहीस, असं शेवटी विचारलं. थोडं चिडूनच विचारलं. ती म्हणाली, तिथं नुसतं बसा लागते.

मग मीच म्हणालो, मी इथं बसू का? आवाज अपेक्षेपेक्षा बारीक निघाला. वर्षा वहिनी सरकल्या. पद्मजाने शेंगांची टोपली माझ्यापुढे केली. त्या मोबाइलवर मला काही म्हणजे काहीच दिसत नव्हतं. तिने न विचारता सांगायला सुरुवात केली: ही धाकटी सून, तो हिचा दीर.

दोन वाक्यांनी थांबली. बसायच्या आधी हॉलमधला तो बंद करून या म्हणाली, त्याच्या आवाजानं इथलं काही ऐकू नाही येऊन राह्यलं.

बंद करून आलो.