टेकाडावरचं इंजिन

बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही हे घरात सगळ्यात आधी मला कळलं. स्वयंपाकघरात कुकर शिट्यांवर शिट्या देतोय आणि तुम्ही शेजारीच पेपर वाचत बसलेले. आई तेव्हाच म्हणाली, "कोनाले सांगजो नोको. मेडिकलमध्ये उडवतीन त्याइले, मंग इंजिनावरून काढून झाडू देतीन हातात."

यार्डात तुमचं निभलंही. तिथं सगळा कारभार हाताच्या खुणांवरच. तुमचं डिझेल इंजिन मालगाडी मागून ढकलत टेकाडावर न्यायचं, वर डबे सुटे व्हायचे नि उतारानं आपापल्या रुळावर घरंगळत जायचे. डबे जोडणारे-सोडणारे शंटरकाका झेंडी दाखवायचे, तुम्ही चालवायचे. इतक्या वर्षांची दोस्ती, जेवणाचा डबासुद्धा एकच.

त्या दुपारी इंजिनाजवळच्याच डब्याचं कपलिंग अडकलं. काकांनी गाडी थांबवली आणि ते दोन डब्यांच्या मधे शिरले. तेवढ्यात पलीकडच्या लाइनीवर कुणीतरी दुसऱ्या इंजिनाला हिरवी झेंडी दाखवली. ती तुम्ही आपली समजलात. काका ओरडले. तुमच्या असिस्टंटला ऐकू आलं, त्यानं तुमचा दंड धरला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पुढे जो तो म्हणे, इंजिनाच्या धडधडीत कोणाले ऐकू येते! आईनं हेच वाक्य उचललं आणि मरेपर्यंत सोडलं नाही.

काका गेल्यावर तुम्ही दर रविवारी सिंदीला त्यांच्या घरी, काकूंकडे जाऊन बसायचात. मान खाली घालून, चहा निवेपर्यंत.

परवा मी गेले होते. काकू आता थकल्यात. तूर निवडता निवडता एकदम म्हणाल्या, "एक गोष्ट लागून राह्यली वो माह्या मनाले. म्या तुह्या बाबाले किती डाव म्हनलं, भाऊजी, माफ केलं म्या तुमाले, नोका जाळू जीव. एका शब्दानं बोलले नाईत. वर पाह्यलं नाई. काऊन वो? माह्यावर राग होता का त्याइचा?"

मी म्हटलं, नाही, राग नव्हता. आणखी काय सांगू? कारण सांगायचं तर सगळंच सांगावं लागतं, आणि मग ती माफी तरी उरते का? संताप आला, बाबा. तुमचा, आईचा.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? पण तुम्ही गेलात ते हे न ऐकताच, म्हणून लिहितेय. काकूंनी तुम्हाला माफ केलं होतं. मला मात्र ते अजून जमलेलं नाही.