समुद्राकडचं स्थळ

आई,

बाबांनी अखेर व्हॅन काढून टाकली. भंगारवाला मागची सीट ओढत होता तेव्हा तिच्याखालून ओंजळभर वाळू निघाली. बाबा म्हणाले, ही दमणची. मी म्हटलं, डहाणूची. तू असतीस तर वाद बाजूला ठेवून आधी झाडू आणायला लावला असतास. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आमचं काही वाजलं की आम्ही दोघं क्षणभर थांबतो, आतून कोणी निकाल देईल म्हणून. निकाल येत नाही, वाद तसाच राहतो. म्हणून म्हटलं, त्या सहलीबद्दल तुलाच लिहावं.

२०१४चा हिवाळा. मला जहाजावरच्या नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि जानेवारीत मुंबईहून चढायचं होतं. मी बोर्डीभर सांगून मोकळा झालो होतो. मित्रांना तर मी अर्धी दुनिया फिरून आल्यासारख्या गप्पा मारत होतो. तू मात्र हो म्हणत नव्हतीस आणि नाहीही म्हणत नव्हतीस. आपलं घर समुद्राच्या हाकेवर, पण आपण पडलो बागायतदार. पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकडे पाठ करून चिकू राखणारी माणसं. त्याचा खारा वारा कळी जाळतो म्हणून आजोबांनी बांधावर सुरूची रांग लावली, ती बाबांनी वाढवली. "तो आपला शेजारी आहे, सोयरा नाही," असं तू म्हणायचीस. घरातलं कोणी आजवर बोटीत बसलं नव्हतं. मीच मोठ्या तोऱ्यात बाबांना सांगून ठेवलं होतं की आईने मनापासून हो म्हटलं तरच जाईन, नाहीतर बाग बघेन.

मग एका संध्याकाळी वालपापडी निवडता निवडता तू बोललीस. "मुलगी द्यायची झाली तर आपण आधी घर बघून येतो ना? विहिरीचं पाणी पितो, चूल कशी आहे बघतो, माणसं आपसात कशी बोलतात ते ऐकतो. मग मुलगा द्यायचा तर घर बघायला नको?" बाबांना कळेना. कोणाचं घर, त्यांनी विचारलं. "समुद्राचं," तू म्हणालीस. "अगं, तो दाराशी तर आहे." त्यावर तुझं उत्तर तयार होतं, "दाराशी आहे तो दाराशी चांगलाच वागणार. चार गावांत त्याचं कसं आहे ते विचारायला हवं." बाबा खूप हसले. पण हंगाम भरात असताना, रोज चिकू उतरत असताना, ज्या माणसाने एक रात्रही बाग सोडली नव्हती त्याने काकांवर बाग टाकली आणि व्हॅनमध्ये पेट्रोल भरून आणलं. तुझ्यापुढे त्यांचं कधी काही चाललं नाही, आणि ते चालावं अशी त्यांची फारशी इच्छाही नव्हती.

आपण उजाडायच्या आधी निघालो. पुढे बाबा आणि तू, मागे मी आणि धाकटी बहीण. पायाशी चिकूची पेटी, डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी, आणि एका पिशवीत वाडीतले शेंडी राखून सोललेले नारळ. स्थळ बघायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. तलासरीपर्यंत धुकं होतं. हायवेला लागायच्या आधी चहाला थांबलो, ते मला अजून दिसतं. तू शाल कानावरून घेऊन उभी आहेस, बशीतून चहा पितेस, आणि चहावाला बाबांना विचारतो आहे, कुठे निघालात एवढ्या सकाळी. बाबा सांगतात, समुद्र बघायला. कुठून आलात? बोर्डीहून. चहावाला आपल्या चौघांकडे नीट बघून घेतो आणि म्हणतो, "का, बोर्डीचा आटला काय?" धाकटी हसून हसून बेजार झाली. तुला ठसका लागला आणि शालीवर चहा सांडला.

दमणला पोचलो तेव्हा कोवळं ऊन होतं. सुरूची झाडं, चिखलट वाळू, भाजलेल्या दाण्यांची गाडी. बाबा म्हणाले, हा तर आपलाच. पण तू आपली कामाला लागलीस. काठाशी वाकून बोट बुडवलंस, जिभेला लावलंस आणि तोंड वाकडं केलंस. दाणेवालीला विचारलंस, इथे कोणी बुडतं का. ती गुजरातीत म्हणाली, ज्याचं मरण आलं तो बुडतो. हे उत्तर तुला पटलं असावं, कारण तू मान हलवलीस. मग नारळाला हळदकुंकू लावलंस, हात जोडलेस आणि तो पाण्यात सोडलास. नारळ थोडा पुढे गेला, लाटेवर डोलला आणि परत आला. थेट तुझ्या पायाशी. तू पुन्हा सोडलास, पुन्हा परत. तिसऱ्यांदा तो वाळूत रुतून बसला. तू पदराने हात पुसलेस आणि शांतपणे म्हणालीस, "झालं. त्यांच्याकडूनच नकार आला. आपण काही वाईट बोललो नाही."

आम्ही गंमत समजत होतो. पण तू तो नारळ उचलून पिशवीत ठेवलास आणि व्हॅनमध्ये जाऊन बसलीस, तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं. तुझ्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी धाकटीच्या पहिल्या नंबरालाही पाहिलं नव्हतं. सोयरीक समोरच्याने मोडली की आपल्याकडे दोष राहत नाही, हे तुझं गणित होतं. पुढे वापी ओलांडल्यावर हायवेवर मडक्यात भाज्या भाजून केलेलं उंबाडियुं खाल्लं. त्याला आपल्या उकडहंडीची सर नाही, असं तू त्या बाईच्या तोंडावर सांगितलंस, आणि शिवाय तिला आपले चार चिकू दिलेस. तू खुशीत होतीस. दुपारी वलसाडजवळ तिथल गावच्या काळ्या वाळूवर उतरलो. तिथे मी पोहणाऱ्यांच्या बरोबर आत गेलो, तुला दाखवायला म्हणून थोडा जास्तच आत गेलो. बाहेर आलो तेव्हा धाकटीने टॉवेल दिला. "इथे नारळ नाही सोडायचा?" तिने तुला विचारलं. "एकदा नकार आल्यावर दारोदार कशाला फिरायचं?" तू म्हणालीस.

सुरतेला मावशीकडे मुक्काम. मावशीचं निम्मं बोलणं गुजराती झालं होतं. तिने सगळी हकीकत ऐकून घेतली आणि टाळी वाजवली, "दरियाए ना पाडी, हवे शुं? समुद्रच नाही म्हणाला!" मग शेजारणींना बोलावून तुला पुन्हा सांगायला लावलं. ताज्या पोंकाची, म्हणजे ज्वारीच्या हुरड्याची, परात मध्ये होती, शेव होती, लिंबू होतं. सगळे हसत होते. मी दोन घास खाऊन उठलो. दुसऱ्या दिवशी डुमसच्या किनाऱ्यावर गरम भजी आणली तेव्हाही माझा पुडा तसाच राहिला. अंधारात लांबवर एका जहाजाचे दिवे दिसत होते. तू बराच वेळ तिकडे बघत होतीस. मग विचारलंस, "त्यात स्वयंपाक कोण करतं?" आचारी असतो, मी म्हटलं. "त्याला वरणभात येतो?" शिकवीन, म्हटलं. तू माझ्या हातातल्या पुड्याकडे बघितलंस.

परतीच्या दिवशी तलासरीहून आत वळलो, उतार उतरून बोर्डीजवळ आलो, आता घर येणार म्हणून धाकटी चपला शोधायला लागली आणि तू बाबांना म्हणालीस, "अहो, सरळ डहाणूला घ्या." बाबा म्हणाले, समुद्रच हवा असेल तर इथे आहे की. "इथे सगळं गाव बघेल," तू म्हणालीस. बाबांनी व्हॅन घोलवडवरून पुढे काढली. खाडीच्या तोंडाशी, आगरच्या बाजूला, सुकत घातलेल्या जाळ्यांपलीकडे आपण थांबलो. भरतीचं पाणी चढत होतं. तू वाळूवर बसलीस. आम्हाला वाटलं, दमली असशील. पाणी चढलं, काठोकाठ आलं, तरी तू उठेनास. बाबांनी दोनदा घड्याळ दाखवलं. धाकटी भूक लागली म्हणून रडवेली झाली, तिला तू उरलेल्या दशम्या दिल्यास. दुपार कलली. पाणी हटायला लागलं, आधी कळत नव्हतं, मग खाडीतून सरळ ओढीनं समुद्राकडे धावायला लागलं.

तेव्हा तू उठलीस. पिशवीतून तोच दमणचा नारळ काढलास. बाबा काही विचारणार तोच तू म्हणालीस, "दमणला भरती होती. मला माहीत होतं. भरतीला सोडलेला नारळ जाईल कुठे, घरीच येणार." मग माझ्याकडे वळलीस. "तीन दिवस पोर धड जेवलं नाही. त्याचं मन मोडून मला काय मिळणार आहे? आणि द्यायचाच तर ओळखीच्या घरात देते." साडी वर खोचून तू गुडघाभर पाण्यात गेलीस. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. मी हात धरायला आलो तर झिडकारलंस. नारळ सोडलास, आणि पाण्याने तो नेला. आपण चौघं बघत होतो. ठिपका झाला, दिसेनासा झाला. बाबांनी डोळे पुसले आणि वाळू गेली म्हणाले. तू परत आलीस तेव्हा तुझे पाय गारठले होते आणि तू मला रागावलीस की तुझ्या चपला मी सावलीत का नाही ठेवल्या.

जानेवारीत मी जहाजावर चढलो. आचाऱ्याला वरणभात शिकवला, तो त्याला कधीच नीट जमला नाही. फोनवर बोलताना तू समुद्राबद्दल असं विचारायचीस, जसं लोक व्याह्यांबद्दल विचारतात. बरे आहेत ना, नीट वागवतात ना. मी सांगायचो, छान वागवतात. चौथ्या वर्षी तू गेलीस तेव्हा आमचं जहाज मधल्या पाण्यात होतं आणि मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला समुद्राचा राग आला नाही. तोपर्यंत तो खरोखर नात्यातला झाला होता, आणि नात्यातल्यांचा राग किती दिवस धरणार? तुझी आठवण मात्र त्या पाण्यावर फार यायची, घरात येते त्याहून जास्त.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही, बाबांनाही दाखवणार नाही. त्यांना तुझ्या त्या दुपारचा फार अभिमान आहे. पण तुला सांगायला हवं. मी जेवत नव्हतो ते तुझ्या नकाराच्या दुःखाने नव्हे. तिथलला एका लाटेनं मला खाली ओढलं होतं. तळ सापडत नव्हता, वर कुठे ते कळत नव्हतं. बाहेर आल्यावर मी हसलो, पण त्या क्षणापासून पाण्याची अशी भीती बसली की घास गिळवेना. गावभर फुशारकी मारून बसलो होतो, आता नाही म्हणायला तोंड नव्हतं, आणि तुझा तो नकार मला देवासारखा वाटत होता. डहाणूला तू गुडघाभर पाण्यात उभी होतीस, नारळ लांब लांब जात होता, बाबा रडत होते, आणि आई, मी मनातल्या मनात एकच म्हणत होतो, येऊ दे परत.