एका मेंढीची दोन नावं

माय, तू मला एक प्रश्न विचारून गेलीस आणि त्याचं उत्तर द्यायला मला इतकी वर्षं लागली. मी परभणीच्या कॉलेजात शिकत होते तेव्हाची गोष्ट. तू सेलूकडून एसटीनं आली होतीस, डोईवर गाठोडं, गाठोड्यात ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि हॉस्टेलमधल्या पोरींसाठी पसाभर बोरं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर सगळ्यांच्या चपला पाहून तूही आपल्या वहाणा काढल्यास आणि आत न येता खिडकीतूनच बघत राहिलीस. म्हणालीस, "त्या डब्यात तू काय करायलीस गं?" मी म्हणाले, प्रोग्राम लिहायलेय. "म्हंजी?" आता म्हंजी काय, हे मलाच कुठं धड कळलं होतं! पुस्तकातलं पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं, एवढंच तेव्हा चाललेलं. मी काहीतरी इकडचं तिकडचं सांगायला लागले. तू जरा वेळ ऐकलंस, मग हसलीस. "तुला बी न्हाई कळलं अजून. कळलं की सांग." पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. ते सांगायचं राहून गेलं.

आता मी याच गावात दुसऱ्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. पहिल्या वर्षाच्या पोरांना क्लास आणि ऑब्जेक्ट शिकवायचे असतात, आणि दरवर्षी इथंच घोडं पेंड खातं. पुस्तकात मोटारगाडीचं उदाहरण असतं. क्लास म्हणजे गाडीचा आराखडा आणि ऑब्जेक्ट म्हणजे खरी गाडी, असं मी सांगते. पोरं "आराखडा, आराखडा" म्हणून माना डोलावतात, आणि चेहरे मात्र कोरे. हा धडा झाला की मागचे बाक रिकामे व्हायला लागतात. यंदा पाथरीकडची एक मुलगी आहे, रोज जीपनं येते, गणितात फार हुशार. शुक्रवारी तास संपल्यावर ती टेबलापाशी आली आणि खाली मान घालून म्हणाली, "मॅडम, मला ह्यातलं काईच उमजंना. मामा म्हनतेत बीए कर, घरी बसून होतंय. मी सोमवारपासून यायची न्हाई." असली पोर हातची गेली तर मग मी इथं करते तरी काय? तिला म्हणाले, "उद्याचा एक तास बस. मग जायचं तर जा."

संध्याकाळी भाकरी थापायला बसले आणि तुझी फार आठवण आली. गाडीच्या उदाहरणाला मीच विटले होते. आपल्या घरी गाडी कधी होती? आपल्याकडे मेंढरं होती. तव्यावरची भाकरी करपली, पण दुसऱ्या दिवशी काय शिकवायचं ते ठरलं.

शनिवारी मी फळा पुसला आणि विचारलं, "मेंढरं कुणी कुणी राखलीत?" दोन हात वर आले, तेही लाजत लाजत. तिसरा मी माझा वर केला. पोरं बघतच राहिली. मग फळ्यावर लिहिलं, मेंढीजवळ काय काय असतं: नाव, कानाचा रंग, अंगावरची लोकर, दूध, आणि तिचं कोकरू कोणतं. तिचं काय काय होतं: ती चरते, दूध देते, तिची लोकर कातरता येते. "हा झाला क्लास. आता ह्यात मेंढी कुठाय?" मागचा एक जण म्हणाला, "ही काय, फळ्यावर." मी म्हणाले, "मग ये, काढ दूध." वर्ग हसून लोटपोट. मग मी त्यांना तुझी गोष्ट सांगितली. पाथरीच्या कालव्याजवळ एका शेतात आपण लेंडीखतासाठी रात्रीची मेंढरं बसवली होती आणि शेजारचा शेतकरी तणतणत आला, "तुझ्या मेंढीनं माझी तूर खाल्ली!" तू कंबरेवर हात ठेवून शांतपणे म्हणालीस, "कोन्त्या मेंढीनं? नाव सांगा, मी इचारते तिला." तो बिचारा आधी चिडला आणि मग त्यालाच हसू आलं. पोरांना म्हणाले, बघा, माझ्या आईच्या लेखी मेंढी म्हणून कुणी नव्हतंच. ही होती, ती होती. दूध काढायचं तर अमकीचं काढावं लागतं. फळ्यावरच्या वर्णनातून यंत्राला म्हणायचं, नवी मेंढी कर, आणि तिला नाव द्यायचं. तिथं ऑब्जेक्ट जन्माला येतं. मी पहिलं नाव लिहिलं, रुपी.

लिहिता लिहिता मला ती दिवेलागण दिसायला लागली. बा कळप घेऊन लांबून येतोय, धुरळा उठलाय, आणि वाघरीच्या जाळीत दिवसभर कोंडलेली कोकरं एका सुरात ओरडतायत. तू जाळी उघडतेस. सगळी कोकरं काळी, दोन-चार सोडल्या तर मेंढ्याही काळ्या, उजेड जवळजवळ गेलेला. मला नुसता कल्लोळ दिसतो. तू मात्र एक कोकरू उचलतेस, चार पावलं चालून एका मेंढीच्या कासेला लावतेस, दुसरं उचलतेस, तिसरं. एकही चुकत नाही. मेंढी वास घेते, शेपूट हलतं, आरडाओरडा कमी कमी होत जातो, आणि मग सगळ्या माळावर नुसता दूध पिण्याचा आवाज राहतो. माय, मी नंतर पुष्कळ काही पाहिलं, पण इतकी थक्क कुठं झाले नाही. आणि यंत्राच्या पोटातसुद्धा तेच चाललेलं असतं, हे मला त्या दिवशी फळ्यासमोर उभं राहून उमगलं. वर्णन एकच, त्यातून हव्या तितक्या मेंढ्या उभ्या राहतात, प्रत्येकीची लोकर तिची, दूध तिचं, कोकरू तिचं. कुणाचं कुणात मिसळत नाही.

पोरं कॉम्प्युटरवर आपापल्या मेंढ्या करायला लागली. पाथरीची मुलगी पाचव्या कॉम्प्युटरवर होती. थोड्या वेळानं तिनं घाबऱ्या आवाजात हाक मारली. "मॅडम, मी मैनेला कातरलं आन् रुपीची लोकर गेली! रुपीला तर म्या हात बी लावला न्हाई!" मी जाऊन बघितलं. तिनं रुपी केली होती, ती बरोबर. दुसरी मेंढी करताना मात्र 'नवी मेंढी' असं म्हणायचं सोडून तिनं लिहिलं होतं, मैना म्हणजे रुपी. "बघा, मला जमतच न्हाई," म्हणत ती उठायलाच निघाली. मला हसू फुटलं, डोळेही भरले. ही चूक मी सहा वर्षांची असताना केली होती.

तुला आठवतं? बा सारखा रुपीचं कौतुक करायचा, रुपीनं असं केलं, रुपीनं तसं केलं. तू काजळीचं करायचीस. मी त्या दोघी वेगळ्या धरून चालले होते. एका संध्याकाळी बा म्हणाला, रुपी आज लय चरली. तू काजळीला कोकरू लावलंस, आणि मी रुपीची वाट बघत बसले. येईना. मग मी असा गळा काढला, रुपी हरवली, रुपीला लांडग्यानं नेलं, की बा काठी घेऊन कालव्याकडं निघालासुद्धा! रुपी तिथंच कोकराला पाजत उभी आहे, ते त्या घाईत त्यानं पाहिलंच नाही. तू त्याला परत बोलावलंस, माझा हात धरून काजळीच्या कानावर ठेवलास आणि म्हणालीस, "हीच रुपी, हीच काजळी. बाच्या तोंडात ते नाव, माझ्या तोंडात हे. मेंढी एकच हाय, बाई."

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. तिनं पडद्यावरची ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग पुटपुटली, "म्हंजी मी मैना केलीच न्हाई. रुपीलाच दुसरं नाव दिलं." तिनं ओळ खोडली, 'नवी मेंढी' लिहिलं, मैनेला पुन्हा कातरलं. रुपीची लोकर जागच्या जागी. "अगं बाई!" इतक्या मोठ्यानं ओरडली की सगळे वळून बघायला लागले. माझ्या जिवात जीव आला.

तास संपताना तिनं विचारलं, "मॅडम, आन् दोन्ही नावं पुसली तर? मेंढी आत तशीच ऱ्हाती का?" मी म्हणाले, नाही. जिला कुणीच नावानं धरून नाही, तिला यंत्र कधीतरी झाडून टाकतं, जागा मोकळी करतं. "आन् एकच नाव धरून असलं तर?" मी म्हणाले, मग यंत्र तिला हात लावत नाही. तिनं मान हलवली आणि दप्तर उचललं. सोमवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन त्याच कॉम्प्युटरवर बसली होती. मी मात्र तिला दिलेलं उत्तर अजून मनात घोळवत बसले आहे.

तर माय, कळलं. त्या डब्यात मी हे करते. तू "कळलं की सांग" म्हणाली होतीस, म्हणून सांगायला बसले. हे पत्र टाकायचं कुठं, तो प्रश्नच नाही, ते माझ्याजवळच राहील. पण एक कबूल करायचं आहे. अख्ख्या कळपातली मला आता थोडीच नावं आठवतात. रुपी-काजळी, ढवळी, बांडी, आणि ती लंगडी, जिला तू पाव्हणी म्हणायचीस. बाकीच्या सुटल्या माझ्या हातून. बा गेला, तू गेलीस, आता त्यांना नावानं ओळखणारं कुणी उरलं नाही. तुला मात्र मी सुटू दिलेलं नाही. घरात कुणी नसलं की भाकरी थापता थापता मोठ्यानं हाक मारते, माय. ओ येत नाही, ते ठाऊक आहे. तरी रोज मारते.